गेट नसताना मिळणारी सीट स्वस्त की महाग? इलेक्ट्रिकल एम.टेक.बद्दल हर्णैहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरावरची एक विद्यार्थिनी यंदा मुंबई विद्यापीठातून इलेक्ट्रिकलची बी.ई. झाली, सीजीपीए ७.१. वडिलांचा एका ट्रॉलरमध्ये अर्धा वाटा आहे. दोन वर्षांसाठी घरातून फार तर तीन लाख निघतील. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स किंवा पॉवर सिस्टिम्समध्ये एम.टेक. करायचंय. गेट, म्हणजे एम.टेक. प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा, दिलेली नाही. एक खासगी कॉलेज म्हणतंय, "गेट नसली तरी चालेल, सीट आजच पक्की करा." मैत्रीण म्हणते, जर्मनीत शिक्षण फुकट आहे. मग कमी खर्चात चांगलं एम.टेक. कुठे?

ताई, तुम्ही कॉलेजचं नाव विचारलंय, पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. घरचे तीन लाख दोन वर्षं पुरवायचे आहेत आणि शेवटी हातात असं काम हवंय, जे बघून कोणी नोकरी देईल. या दोन्ही गोष्टी फीच्या आकड्यावरून कळत नाहीत. विद्यावेतनाची सीट आहे की नाही आणि प्रबंध कोणाच्या प्रयोगशाळेत होणार, यावरून कळतात. एम.टेक.चे प्रवेश आणि प्रबंध हे माझं रोजचं काम आहे. वाया गेलेली बहुतेक एम.टेक. मी या दोनपैकी एका जागी फसलेली पाहतो.

आधी एक सरळ प्रश्न. एम.टेक. कशासाठी? महावितरण किंवा महापारेषणमध्ये सहायक अभियंता व्हायचं असेल तर बी.ई. पुरते, एम.टेक.मुळे तिथे वेगळी वाट उघडत नाही. पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला प्रथम श्रेणीची बी.ई. चालते. पदवी कॉलेजात शिकवायचं असेल तर मात्र एम.टेक. लागतेच, आणि बी.ई.-एम.टेक.पैकी एकीत तरी प्रथम श्रेणी लागते. इन्व्हर्टर, ईव्ही चार्जर, रिले, ग्रिडचा अभ्यास अशा डिझाइनच्या नोकऱ्यांत एम.टेक.चा खरा उपयोग होतो. तुमचा ओढा पॉवर इलेक्ट्रॉनिक्सकडे दिसतो, म्हणून पुढचं उत्तर डिझाइनची नोकरी डोळ्यांसमोर ठेवून देतो. तुमचं मन पॉवरग्रिड किंवा एनटीपीसीत असेल तरी गेट द्यावीच लागेल, कारण अशा कंपन्या बी.ई.वाल्यांना गेटच्या गुणांवर बोलावत आल्या आहेत.

आता पैशांचा हिशेब. गेट पात्र असलेल्या पूर्णवेळ एम.टेक. विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. आयआयटी-एनआयटीत ते केंद्राकडून येतं आणि त्या बदल्यात आठवड्याला साधारण आठ तास लॅब किंवा ट्यूटोरियलचं काम करावं लागतं. बाकीच्या मान्यताप्राप्त कॉलेजांत तेवढीच रक्कम एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, देते. २४ महिन्यांचे झाले २,९७,६००. बहुतेक एनआयटींत एम.टेक.चं शिक्षणशुल्क सेमिस्टरला ३५,००० च्या आसपास असतं, म्हणजे चार सेमिस्टरचे १,४०,०००. वजा जाता १,५७,६०० उरले, महिन्याला साडेसहा हजार. हॉस्टेल आणि मेसचा बराचसा खर्च यात निघतो. घरचे तीन लाख जवळजवळ शाबूत राहतात.

त्या खासगी कॉलेजचा हिशेब याच कागदावर मांडा. फी वर्षाला एक लाख धरू, राहणं-खाणं महिन्याला आठ हजार. दोन वर्षांचे झाले ३,९२,०००, आणि सगळे खिशातून, कारण गेट नसेल तर विद्यावेतन नाही. यात एक बारीक गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते. प्रवेशाच्या दिवशी गेटचा स्कोअर वैध असावा लागतो. आत्ता प्रवेश घेतला आणि फेब्रुवारीत गेट दिली, तर त्याच प्रवेशावर विद्यावेतन सुरू होत नाही. तेव्हा आज पक्की होणारी ती सीट तुमच्यासाठी सगळ्यांत महाग आहे.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: यंदा थांबा, येत्या फेब्रुवारीत गेट द्या, पुढच्या जुलैत प्रवेश घ्या. थांबायचं नसेल तर राज्याच्या सीईटी सेलच्या सामाईक प्रवेश (कॅप) फेरीत गेटवाल्यांचे प्रवेश झाल्यावर उरलेल्या जागा बिगर-गेट उमेदवारांना बी.ई.च्या गुणांवर मिळतात. तिथे एखादी चांगली सरकारी किंवा अनुदानित जागा लागली आणि घरून पैसे निघत असतील, तर ती घेण्यात काही चूक नाही. तुमच्या तीन लाखांत मात्र ते फार ताणलं जाईल.

गेटचं थोडं खोलात सांगतो, कारण सगळं त्यावर उभं आहे. पेपर तीन तासांचा, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यात १५ गुण सामान्य अभियोग्यतेचे आणि १३ च्या आसपास अभियांत्रिकी गणिताचे. हे २८ गुण इलेक्ट्रिकलच्या पुस्तकांतून येत नाहीत, आणि आपली मुलं नेमकी तीच शेवटच्या महिन्यावर ढकलतात. गणित जूनमध्येच सुरू करा. सर्किट्स, सिग्नल्स, कंट्रोल आणि गणित एकमेकांत गुंतलेले आहेत. लाप्लास रूपांतर एकदा पक्कं झालं की तीन विषयांत कामाला येतं. मशिन्स आणि पॉवर सिस्टिम्स त्यानंतर घ्या. मुंबई विद्यापीठाच्या पेपरात लांबलचक उत्तराचे गुण मिळतात, गेटमध्ये आकडा बरोबर यावा लागतो. एका पर्यायाच्या प्रश्नात चुकलं तर एक गुणाला एक तृतीयांश आणि दोन गुणांना दोन तृतीयांश गुण कापतात. आकडा भरायच्या आणि अनेक पर्याय बरोबर असू शकणाऱ्या प्रश्नांत कापत नाहीत, म्हणून ते कोरे सोडू नका. कॅल्क्युलेटर पडद्यावरचाच वापरावा लागतो. सरावात पहिल्या दिवसापासून तोच वापरा, हातातला बाजूला ठेवा. क्लासला पैसे घालायची गरज नाही. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत आणि जुने पेपर अधिकृत संकेतस्थळावर मिळतात.

फॉर्म ऑगस्टअखेर ते सप्टेंबर या काळात निघतात. महिलांना फी निम्मी असते, २०२६ च्या गेटला ती एका पेपरला १,००० रुपये होती. स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे पहिल्या वर्षी मनासारखा आला नाही तरी मेहनत फुकट जात नाही.

निकाल मार्चमध्ये लागतो आणि तिथून तीन वेगवेगळ्या वाटा फुटतात. इथेच सगळ्यांत जास्त मुलं घसरतात. आयआयटीला जायचं असेल तर प्रत्येक आयआयटीच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज करावा लागतो. सीओएपी नावाचं पोर्टल आहे, पण त्यावर फक्त आलेल्या जागा स्वीकारायच्या किंवा नाकारायच्या असतात. तिथे नोंदणी केली म्हणजे अर्ज झाला, असं समजून दरवर्षी चांगल्या स्कोअरची मुलं घरी बसतात. एनआयटींसाठी सीसीएमटीची एकच सामाईक फेरी असते. राज्यातल्या कॉलेजांसाठी सीईटी सेलची कॅप. तिन्ही ठिकाणी अर्ज करा. आयआयटीत संशोधनाधारित एम.एस. किंवा संशोधन सहायक म्हणून तीन वर्षांचं एम.टेक. असतं, त्याकडेही बघा. तिथे मुलाखतीला वजन असतं, त्यामुळे थोड्या कमी स्कोअरवरही बोलावणं येऊ शकतं.

कुठे जायचं हे स्कोअरवर ठरेल, म्हणून कट-ऑफचा अंदाज मी इथे देत नाही. सीसीएमटीच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे शेवटचे स्कोअर शाखेनुसार दिलेले असतात, ते स्वतः बघा. तुमच्या बाजूने सोयीच्या जागा सांगतो. सुरतकलचं एनआयटीके कोकण रेल्वेवरच आहे, खेडला गाडीत बसलं की एका रात्रीचा प्रवास. तिथे पॉवर अँड एनर्जी सिस्टिम्सचं एम.टेक. आहे आणि नाव मोठं आहे. गोव्यात कुंकळ्ळीला एनआयटी गोवा आहे, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स अँड पॉवर सिस्टिम्ससाठी. वर नागपूरचं व्हीएनआयटी आणि सुरतचं एसव्हीएनआयटी. राज्याच्या फेरीत मुंबईचं व्हीजेटीआय, अंधेरीचं सरदार पटेल, पुण्याचं सीओईपी आणि सांगलीचं वालचंद या चारही ठिकाणी इलेक्ट्रिकलचे विभाग जुने आणि भरलेले आहेत. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ घराजवळ पडतं. तिथे त्या वर्षी तुमच्या विषयाच्या किती जागा आहेत ते माहितीपत्रकात पाहूनच पर्याय भरा.

आता गुणवत्ता कशी ओळखायची. क्रमवारीच्या याद्या बाजूला ठेवा. त्या अख्ख्या संस्थेबद्दल बोलतात, तुमची दोन वर्षं एका गाइडकडे आणि एका लॅबमध्ये जाणार आहेत. विभागाच्या पानावर प्राध्यापकांची यादी उघडा आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये सध्या किती जण काम करतात ते मोजा. एकच असेल तर धोका, कारण ते रजेवर किंवा दुसरीकडे गेले की तुम्ही अधांतरी. मग मागच्या तीन वर्षांच्या एम.टेक. प्रबंधांचे विषय मागवा. दरवर्षी तेच शीर्षक थोडं फिरवून आलं असेल आणि सगळं संगणकावरच्या मॅटलॅब सिम्युलेशनवरच थांबलं असेल, तर ती लॅब चालत नाही असं समजा. रिअल-टाइम सिम्युलेटर (खऱ्या यंत्रणेसारखं त्याच वेगाने चालणारं चाचणीचं यंत्र) आहे का, असेल तर त्यावर एम.टेक.च्या मुलांना हात लावू देतात का, हेही विचारा. यंत्र कुलूपबंद खोलीत असून माहितीपत्रकात झळकतं, असंही असतं.

सर्वांत खरी माहिती दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून मिळते. फोन लावा आणि "कॉलेज कसं आहे?" असं विचारू नका, त्याला "चांगलं आहे" एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा: पहिलं विद्यावेतन कोणत्या महिन्यात जमा झालं? तुझ्या वर्गात प्रत्यक्ष किती जण आहेत? तुझ्या इन्व्हर्टरचं बोर्ड कुठल्या महिन्यात चालू झालं? मॉस्फेट (इन्व्हर्टरमधला स्विच) किंवा त्याला चालू-बंद करणारा गेट ड्रायव्हर जळला तर नवा यायला किती दिवस लागतात?

हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण हार्डवेअरचा प्रबंध तिथेच अडतो. समजा एक किलोवॅटचा थ्री-फेज इन्व्हर्टर बनवायचाय. कंट्रोलर कार्ड काही हजारांत येतं, मॉस्फेट आणि ड्रायव्हरही महाग नाहीत. पण केंद्रीय संस्थेत खरेदी सरकारी जेम पोर्टलवरून आणि कागदपत्रांच्या साखळीतून जाते, तिला महिने लागतात. पहिल्या चाचणीत डेड टाइम, म्हणजे एक स्विच बंद होऊन दुसरा चालू होईपर्यंतचा अवकाश, कमी पडला की वरचा आणि खालचा स्विच एकाच वेळी चालू होतात, डीसी बस शॉर्ट होते आणि दोन्ही जातात. हे जवळजवळ प्रत्येकाचं एकदा होतं. ज्याने दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी सुटे भाग दुपटीने मागवले, तो आठवड्यात परत उभा राहतो. ज्याने तिसऱ्या सेमिस्टरच्या दिवाळीनंतर मागवले, तो मार्चमध्ये सिम्युलेशनचे आलेख छापून प्रबंध संपवतो. नोकरीच्या मुलाखतीत हा फरक पाच मिनिटांत उघडा पडतो.

विषय निवडताना तुमच्या गावाकडेही बघा असं मी मनापासून सांगेन. हर्णैसारख्या ठिकाणी पावसाळा संपला की समुद्रावरच्या वाऱ्याने मीठ इन्सुलेटरवर बसायला लागतं. कोरडं असताना ते त्रास देत नाही. पहाटेचं दव किंवा वळवाची पहिली भुरभुर त्याला ओलं करते, पृष्ठभागावरून गळती प्रवाह सुरू होतो, छोट्या ठिणग्या एकमेकींना जोडल्या जातात आणि फीडर ट्रिप होतो. जोराचा पाऊस उलट सगळं धुऊन टाकतो. ३३ केव्हीच्या लाइनला यंत्रणेचा कमाल दाब ३६ केव्ही धरतात. जबर प्रदूषणासाठी केव्हीला २५ मिलिमीटर क्रीपेज (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर) धरला तर ९०० मिलिमीटर लागतो. अतिजबर प्रदूषणाच्या ३१ मिलिमीटरने तो १,११६ होतो. आपल्या किनाऱ्यावरचा कोणता पट्टा कोणत्या वर्गात मोडतो, ते मिठाचा थर मोजून दाखवणं हा एम.टेक.च्या आवाक्यातला विषय आहे. उच्चदाब प्रयोगशाळा असलेल्या विभागात मुलाखतीला गेलात आणि हे नीट मांडलंत, तर समोरचा प्राध्यापक कान देऊन ऐकेल.

कागदपत्रं आणि पैशांची वेळ यांचं गणित कोकणात वेगळं बसतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. सीट स्वीकारायची रक्कम आणि पहिल्या सेमिस्टरची फी नेमकी याच दोन महिन्यांत भरायची असते. म्हणून मे संपायच्या आत किमान एक लाख वेगळे काढून ठेवा. विद्यावेतन पहिले तीन-चार महिने उशिरा येऊ शकतं, तोवरचा खर्चही त्यातूनच चालेल. खातं राष्ट्रीयीकृत बँकेत, आधार जोडलेलं, साधं बचत खातं हवं. पतसंस्थेचं खातं चालत नाही आणि व्यवहारांवर मर्यादा असलेल्या खात्यात एवढी रक्कम अडकते.

तुम्हाला आरक्षण लागू असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. राज्याची मागास जातींची यादी आणि केंद्राची यादी एक नाही. आयआयटी-एनआयटीला केंद्राच्या नमुन्यातलं, त्या आर्थिक वर्षातलं नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र लागतं. राज्याच्या नमुन्यातलं दिलं की प्रवेश खुल्या गटात सरकतो किंवा रद्द होतो. एप्रिलमध्येच सेतू केंद्रातून अर्ज टाका, जूनमध्ये तहसील आणि प्रांत कार्यालयात दाखल्यांची रांग लागलेली असते. ईडब्ल्यूएसलाही हेच लागू.

तरीही पैसे कमी पडले तर कर्जाला घाबरू नका, पण योग्य कर्ज घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक चांगल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. राज्याच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटीवर असतात, प्रवेश झाल्या आठवड्यात तिथे तपासा.

जर्मनीबद्दल मैत्रीण अर्धं बरोबर सांगते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, सेमिस्टरला १०० ते ३५० युरोची वर्गणी असते. पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो द्यावे लागतात, आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ एम.एस.सी.ला सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो घेतं. शिवाय व्हिसासाठी एका वर्षाचा खर्च आधीच ब्लॉक्ड खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ११,९०४ युरो आहे. युरो १०० रुपये धरला तर जवळजवळ १२ लाख. ते पैसे तुमचेच असतात, तिकडे महिन्याला ९९२ युरो असे परत मिळतात, पण आधी उभे करावे लागतात. वर एपीएस प्रमाणपत्राचे (त्यात तुमची भारतीय पदवी तपासली जाते) १८,००० रुपये, इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठांसाठी अर्ज घेणाऱ्या युनि-असिस्टचे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण जर्मन न बोलता इंजिनिअरिंगचं अर्धवेळ काम मिळणं कठीण आहे. तीन लाखांच्या घराला हा रस्ता कर्जाशिवाय नाही. जायचंच असेल तर आत्तापासून जर्मन शिका, म्हणजे वर्षभरात बी१, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत पोहोचाल.

दूरशिक्षणातून एम.टेक.ची जाहिरात दिसली तर पुढे जाऊ नका. अभियांत्रिकीच्या पदव्या त्या मार्गाने मान्य नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्येच त्यावर कडक निकाल दिलाय.

राहिली त्या कॉलेजची 'आजच पक्की करा'वाली सीट. टोकन म्हणून एक रुपयाही देऊ नका आणि मूळ गुणपत्रिका तिथे ठेवू नका, ती अडकवून ठेवण्याचा त्यांना अधिकार नाही. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या अभ्यासक्रमाची मंजूर फी बघा. त्यावर 'डेव्हलपमेंट' किंवा आणखी कोणत्या नावाने वरचे पैसे मागितले, तर १९८७ च्या राज्य कायद्याने ती कॅपिटेशन फी आहे, म्हणजे बेकायदा. पैसे भरून झाले असतील तर प्रवेशाच्या अंतिम तारखेआधी लेखी अर्ज देऊन सीट सोडा. फार तर एक हजार रुपये कापून बाकीची रक्कम परत मिळायला हवी. अर्जाच्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका.